बोलणे बदलले की ओळखावे : उष्माघात आणि थंडीच्या बाधेचा अनुभव

विदर्भातल्या माणसाला उन्हाळ्याबद्दल कुणी काही शिकवावे, अशी आमच्याकडे रीत नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की नवतपा सुरू होतो, आणि दुपारी बारा ते चार या वेळात ज्यांचे पोट बाहेरच्या कामावर आहे तेवढीच माणसे रस्त्यावर दिसतात. डोक्याला आणि कानांना घट्ट बांधलेला दुपट्टा, खिशात कांदा, घरी कैरीचे पन्हे, खिडकीला कूलर ही आमची तयारी असते आणि तिचा उपयोगही होतो. परंतु ही सारी तयारी ऊन लागू नये यासाठी आहे. ऊन लागलेच, तर पुढच्या अर्ध्या तासात समोरच्या माणसाचे नेमके काय करायचे, हे मला चाळिशी उलटेपर्यंत कुणीही सांगितले नव्हते.

ते कळले शिक्षकांसाठी भरलेल्या प्रथमोपचाराच्या वर्गात. शिकवायला एक निवृत्त परिचारिका येत असत. आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत असू. त्यांनी वर्गात थर्मामीटर काढण्यापूर्वीच सांगितले की, अंग किती तापले आहे ते नंतर बघा, आधी त्या माणसाशी बोला. तुझे नाव काय, आत्ता आपण कुठे आहोत, सकाळपासून काय काम करत होतास, असे तीन साधे प्रश्न विचारा आणि उत्तर बरोबर येते की नाही एवढ्याकडेच लक्ष द्या. उन्हाच्या त्रासाच्या पायऱ्या त्यांनी याच एका कसोटीवर वेगळ्या करून दाखवल्या. पोटऱ्यांत आणि पोटात पेटके येतात, ती पहिली पायरी. घामाने अंग निथळते, डोके दुखते, मळमळते, उठताना अंधारी येते, पण माणूस भानावर असतो, ती दुसरी. या दोन्ही पायऱ्यांवर सावली, विश्रांती, सैल कपडे, ओले फडके आणि घोट घोट जलसंजीवनी एवढ्याने बहुतेक माणसे तासाभरात सावरतात. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे पोह्यांचे नव्हेत, चहाचे. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटके आले किंवा तो बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजायचा, आणि तेथे एकेक मिनिट मोजायचे.

घामाविषयी त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण आमच्या मनात नेमके उलटे बसलेले होते. अंग कोरडे ठणठणीत असेल तरच उष्माघात, घाम येत असेल तर काळजी नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरात बसलेल्या वृद्ध माणसाला उष्माघात होतो तेव्हा त्वचा पुष्कळदा कोरडी असते, हे खरे आहे. परंतु जो तरुण अंगमेहनत करता करता कोसळतो, त्याचे कपडे घामाने चिंब असू शकतात आणि तरीही शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेले असते. घाम पाहून निश्चिंत झालेली माणसे अशा वेळी सगळा मोलाचा वेळ घालवून बसतात.

या शिकवणीची परीक्षा एका मे महिन्यात, माझ्या भावाच्या घराच्या स्लॅबच्या दिवशी झाली. ज्यांनी घर बांधले आहे त्यांना ठाऊक असेल की स्लॅबचे काम एकदा सुरू झाले की मध्ये थांबवता येत नाही. जोड राहिला तर छत गळते. म्हणून सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला, आणि अकरा वाजून गेले तरी अर्ध्याहून अधिक काम शिल्लक होते. खाली चार-पाच मजूर रेती आणि गिट्टी घमेल्यांत भरून मिक्सरमध्ये टाकत होते. तेथे सावली नव्हती. मिक्सरच्या इंजिनाची धग, वरून ऊन, खालून तापलेली रेती असा तिहेरी मारा त्यांच्यावर होत होता. मी पाण्याचे जग घेऊन गेले तेव्हा त्यांतला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक मुलगा घमेले उचलून मिक्सरकडे जाण्याऐवजी उलट्या दिशेने, कुंपणाकडे चालत निघाला. सोबतच्याने हाक मारली, तर त्याने वळून शिवी दिली. मग त्याने घमेले रिकामे केले ते थेट स्वतःच्या पायांवर, आणि तो तिथेच उभा राहिला.

मुकादम हसला. म्हणाला, “काही नाही मॅडम, कालची उतरली नाही याची अजून.” बाकीचेही हसले. त्या मुलाची बायको याच कामावर पाणी भरायला होती. ती बादली टाकून धावत आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “हे पीत नाहीत. कधीच पीत नाहीत. कालपासून जुलाब लागलेत, हजेरी बुडेल म्हणून आले.” तिचे ते वाक्य मला अजून जसेच्या तसे आठवते, कारण निदान त्या वाक्यातच होते. आदल्या दिवशीच्या जुलाबांनी अंगातले पाणी आणि क्षार गेलेले, त्यावर पाच तासांची ढोर मेहनत, आणि आता वागण्यात बदल.

मी त्याला नाव विचारले. ते त्याने सांगितले. गाव विचारले तर पुन्हा नावच सांगितले. आत्ता काय काम चालू आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, “बैल सोडायचेत.” त्याची बनियन पिळून काढावी इतकी ओली होती, आणि मानेवर हात ठेवला तर तव्याजवळ हात नेल्यासारखी धग लागली. मी घड्याळ पाहिले आणि पेनाने मनगटावर वेळ लिहिली : अकरा बावीस. वेळ लिहिण्याची सवय सिस्टरांनी लावली होती, आणि पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न त्याच वेळेबद्दल विचारला.

एकाला १०८ क्रमांकावर फोन लावायला सांगितले आणि फोन स्पीकरवर ठेवून मी स्वतः बोलले. ऊन लागले आहे, एवढेच सांगितले तर पलीकडच्या माणसाला गांभीर्य कळेलच असे नाही. म्हणून वय, ठिकाण, जवळची खूण, आणि ‘शुद्ध हरपत चालली आहे, असंबद्ध बोलतो आहे’ हे शब्द आधी सांगितले. गाडी यायला अर्धा तास तरी लागणार होता, कारण आमच्याकडची अंतरेच तशी आहेत. इथे मुकादमाने सुचवले की वाट कशाला पाहायची, छोटा हत्ती उभाच आहे, त्यात टाकू आणि नेऊ. बहुतेक ठिकाणी हेच केले जाते आणि करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या उघड्या गाडीत, तापलेल्या पत्र्यावर झोपवून, उन्हातून अर्धा-पाऊण तास नेणे म्हणजे तेवढा वेळ त्याचा मेंदू, मूत्रपिंडे आणि यकृत त्याच तापात शिजू देणे होते. अशा रुग्णासाठी आज जगभर मान्य असलेला नियम आहे की आधी अंग थंड करा, मग हलवा; आणि शक्यतो अर्ध्या तासाच्या आत आतले तापमान ३९ अंशांच्या खाली आणा. दवाखान्यात गेल्यावर तरी पहिले काम तेच असते. आपल्याजवळ पाणी आणि माणसे असतील तर ते काम आपण जागेवरच सुरू करू शकतो.

बांधकामावर पाणी मुबलक असते. हौदही भरलेला होता, पण त्यात उतरवायचे तर शुद्ध हरपत चाललेला माणूस हातातून निसटण्याची भीती होती. म्हणून वर्गात करून पाहिलेली ताडपत्रीची पद्धत वापरली. सिमेंटच्या गोण्यांवर झाकलेली ताडपत्री ओढून काढली, शेजारच्या घराच्या सावलीत पसरली, त्याची बनियन आणि बूट काढून त्याला मधोमध उताणा झोपवला आणि चौघांना चारी बाजूंच्या कडा उचलून धरायला सांगितले, म्हणजे मध्ये उथळ टाके तयार झाले. एकजण डोक्याशी बसून त्याचे डोके आणि मान दोन्ही हातांनी पाण्याच्या वर धरून होता. हे काम सर्वांत जबाबदारीचे आणि ते करणाऱ्याने दुसरे काहीही करायचे नाही. मग हौदातल्या बादल्या ओतायला सुरुवात केली. हौदाचे पाणी उन्हाने कोमट झालेले होते, तरीही ते त्याच्या अंगापेक्षा थंडच होते. समोरच्या रसवंतीवाल्याकडे मुलाला पिटाळले. त्याने गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी तशीच उचलून आणली आणि गोणपाटावरच हातोडी मारून तिचे तुकडे केले. पैसे घ्यायला तो नंतरही तयार झाला नाही. बर्फ पाण्यात टाकला, आणि कडा धरलेल्या चौघांना ताडपत्री हळूहळू डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगितले. पाणी स्थिर राहिले तर अंगालगतचा थर गरम होऊन बसतो. हलत राहिले तर उष्णता निघून जात राहते.

त्याच्याऐवजी एखादी स्त्री असती, तर? हा प्रश्न वर्गात एका बाईंनी विचारला होता आणि तो रास्त आहे, कारण बांधकामावर, वीटभट्टीवर, तेंदूपत्त्याच्या फडीवर पुष्कळ स्त्रियाही असतात. उत्तर असे आहे की कपडे काढण्यासाठी खोळंबायचे नाही. साडीवर घातलेला पुरुषी शर्ट, डोक्याचे फडके आणि चप्पल काढावी, साडी सैल करावी आणि कपड्यांसकट पाणी ओतावे. भोवती दोन बायकांनी लुगडे आडवे धरले तरी पुरते.

विरोध झाला तो याच टप्प्यावर. एक वयस्क गवंडी वरून ओरडले की गरम अंगावर गार पाणी घालू नका, लकवा मारेल. ही समजूत आमच्याकडे फार पक्की आहे, आणि सांगणारा माणूस जिव्हाळ्यापोटी सांगत असतो, म्हणून तिला उडवून लावून चालत नाही. मी त्यांना म्हटले की काका, लकव्याची भीती पाण्याने नाही, डोक्यात चढलेल्या तापाने आहे. दवाखान्यातही हेच करणार आहेत. ते खाली आले आणि एक कडा त्यांनी स्वतः धरली. अंगमेहनतीतून झालेल्या उष्माघातात बर्फाच्या पाण्यात बुडवणे हा आज माहीत असलेला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. सैनिक आणि धावपटू यांच्यावर तो वर्षानुवर्षे वापरला जात आहे. बर्फ थोडाच असेल तर आमच्याकडे तो फक्त कपाळावर ठेवतात, त्याने जवळजवळ काहीच साधत नाही. मान, काखा आणि जांघा येथे मोठ्या रक्तवाहिन्या त्वचेजवळ असतात. थोडा बर्फ तेथे लावावा आणि उरलेले सगळे अंग ओले ठेवून वारा घालावा.

काही मिनिटांतच त्याचे हातपाय ताठ झाले आणि झटका आला. कुणी चप्पल हुंगवायला निघाले, कुणी कांदा फोडला, कुणी दातांत चमचा घालायला पाहत होते. यातले काहीही करू दिले नाही. त्याला कुशीवर वळवले, म्हणजे तोंडातली लाळ आणि उलटी बाहेर पडेल, आणि कुशीवर असतानाच पाणी ओतणे चालू ठेवले. मिनिटभरात झटका ओसरला. नंतर एक उलटी झाली, ती कुशीवर असल्यामुळे सहज बाहेर आली. याच कारणासाठी त्याला पाणी पाजू दिले नव्हते. बायको ग्लास घेऊन सारखी पुढे येत होती आणि तिला अडवणे हे त्या सगळ्या वेळातले सर्वांत जड काम होते. तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे आपल्या संस्कारातच बसत नाही. पण ज्याला धड गिळता येत नाही त्याच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला मी माझ्याजवळ बसवले आणि त्याच्या पायांवर पाणी ओतायला लावले. काम हाती आल्यावर ती शांत झाली.

तापाची गोळी देऊ का, असेही कुणी विचारले. साध्या तापात मेंदूच शरीराचे तापमान वाढवून ठेवतो आणि गोळी मेंदूचे ते काम थांबवते. उष्माघातात मेंदूने काही वाढवलेले नसते. बाहेरची आणि स्नायूंची उष्णता शरीराला बाहेर टाकता आलेली नसते. त्यामुळे गोळीचा उपयोग तर नाहीच, उलट आधीच होरपळलेल्या यकृतावर भार पडतो.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीतला डिजिटल थर्मामीटर भाचा घेऊन आला. काखेत लावला तेव्हा तो १०४ च्या वरच होता, आणि पाणी ओतणे सुरू होऊन दहा-बारा मिनिटे झाली होती. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमीच दिसतो, ओल्या अंगावर तर त्यावर मुळीच विसंबू नये. म्हणून मी आकड्यापेक्षा त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. काही वेळाने त्याने डोळे उघडून बायकोला नावाने हाक मारली, आणि थोड्या वेळाने त्याला हुडहुडी भरली. हुडहुडी भरू लागली की बर्फ काढून घ्यायचा आणि फक्त ओले फडके ठेवायचे, नाहीतर थरथरण्याने अंग पुन्हा तापते. रुग्णवाहिका आली तेव्हा त्याला आपले गाव बरोबर सांगता येत होते.

गाडीतल्या डॉक्टरांनी ओली चादर तशीच ठेवून सलाइन लावले. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात उन्हाळ्यासाठी वेगळा थंड कक्ष तयार ठेवलेला होता. तेथील डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या : बोलणे कधी बदलले, थंड करायला कधी सुरुवात केली, आणि तोंडाने काय दिले. मनगटावरची वेळ दाखवली. रक्त तपासायला घेतले. मूत्रपिंड, यकृत आणि स्नायू यांना किती इजा झाली ते त्यातून कळते. त्याची लघवी गडद तपकिरी झाली होती, कारण अति तापाने स्नायू विरघळून त्यांतले रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरत होते. शुद्धीवर आला म्हणून दवाखान्यात नेण्याची गरज नाही, असे समजणाऱ्यांसाठी ही गोष्ट मुद्दाम लिहिते आहे. माणूस बोलू लागल्यानंतरही पुढचे दोन-तीन दिवस मूत्रपिंडे दगा देऊ शकतात. त्याला काही दिवस दाखल ठेवले, आणि घरी पाठवताना पुढचे काही आठवडे उन्हात जड काम करायचे नाही असे बजावले. एकदा उष्माघात झालेल्या शरीराला काही काळ उष्णता पुन्हा तितकीशी सोसत नाही. हजेरीवर जगणाऱ्या माणसाला हा सल्ला पाळणे किती कठीण आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक होते. भावाने त्याला त्या काळात रात्रीच्या राखणीचे काम दिले.

उष्माघात केवळ राबणाऱ्यालाच होतो असे नाही. आमच्या गल्लीत टिनाच्या छपराखाली एकट्या राहणाऱ्या एका आजींना तो घरातच, खाटेवर पडल्या पडल्या झाला. सलग काही दिवस रात्रीही गारवा उतरला नव्हता, लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि वयामुळे तहान जाणवत नव्हती. शेजारीण डबा द्यायला गेली तेव्हा त्या गुंगीत होत्या, त्वचा कोरडी होती आणि पंखा जोरात चालू होता. हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर कोरड्या अंगावर घातलेला वारा अंग थंड करत नाही, तापवतो. अंगावर ओली चादर पांघरून मग पंखा लावला तरच बाष्पीभवनाने गारवा मिळतो. आजींच्या बाबतीत तेच केले. लाटेच्या दिवसांत एकट्या वृद्धांशी दिवसातून दोनदा बोलावे, नुसते दारातून डोकावू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण गुंगी बोलल्याशिवाय कळत नाही.

आणि ४५ अंश लागतातच असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हा तेथील पारा ३८ अंशांच्या आसपास होता. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि न सुकलेला घाम अंगाची उष्णता घेऊन जात नाही. विदर्भातल्या आकड्यांची सवय झालेल्या आमच्यासारख्यांना कोकणातले ३८ अंश किरकोळ वाटतात, ते तसे नसतात.

पुढच्या एका मे महिन्यात याच शिकवणीचा दुसरा अर्धा भाग उपयोगी पडला, तो हिमाचलात. कसोलहून ग्रहण गाव, मिन थाच, नगारू असे मुक्काम करत सार पास ओलांडायचा आणि बिस्केरीला उतरायचे, हा मार्ग मराठी मुलांच्या फार आवडीचा आहे. खिंड साधारण १३,८०० फुटांवर असून तिच्या पलीकडचा उतार बर्फावर बसून घसरत उतरतात. त्या घसरण्याची मजा सगळ्यांनाच असते, पण त्यात विजार पार भिजते. आमच्या गटातील नाशिककडच्या एका विद्यार्थ्याने सुती विजार आणि सुती बनियन घातले होते. वर गारांचा पाऊस आला आणि वारा सुटला. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते, त्यामुळे पारा शून्याच्या खाली नसतानाही ओला माणूस गारठून जाऊ शकतो.

तो आधी खूप बोलत होता, मग अगदी गप्प झाला. मागे पडू लागला, सपाट वाटेवर दोनदा अडखळला. जॅकेटची चेन लाव म्हटले तर बोटांना ती सापडेना, आणि मदत करू लागले तर चिडून म्हणाला, “मॅडम, मला इथेच बसू द्या, तुम्ही व्हा पुढे.” सोबतची मुले म्हणाली, दमला आहे, रुसला आहे. मला स्लॅबच्या दिवशीचे ते हसणे आठवले. उन्हात दारू प्यायल्याचा संशय, थंडीत रुसल्याचा. दोन्हीकडे मेंदू आपले काम सोडू लागलेला असतो आणि भोवतालचे त्याला स्वभावाचा दोष समजतात. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली उतरले की ही अवस्था सुरू होते. तो जोरात थरथरत होता, ही त्यातली समाधानाची गोष्ट होती. थरथरणे म्हणजे शरीर अजून स्वतः उष्णता तयार करते आहे. साधारण ३२ अंशांच्या खाली ते कमी होत थांबते, माणूस शांत झाल्यासारखा दिसतो, क्वचित गरम होते म्हणून कपडेही काढू लागतो. ती शांतता अतिशय धोक्याची.

वाटाड्या अनुभवी होता. खडकाच्या आडोशाला त्याने प्लास्टिकचा कागद ताणला. आधी मुलाच्या खाली मॅट आणि रिकाम्या सॅक घातल्या, कारण ओली जमीन वरच्या वाऱ्याइतकीच उष्णता ओढते. ओले कपडे उतरवून कोरडे लोकरी कपडे, कानटोपी, त्यावर स्लीपिंग बॅग आणि सगळ्याभोवती प्लास्टिकचा कागद गुंडाळला. थर्मासमधले गरम पाणी बाटल्यांत भरून, मोज्यांत घालून, छातीशी आणि काखांत ठेवले. बाटली थेट त्वचेला लावायची नाही, बधिर त्वचेला भाजलेले कळत नाही. तो भानावर होता आणि नीट गिळत होता, म्हणून भरपूर साखरेचा चहा आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की दिली. उष्माघातात तोंडाने काही द्यायचे नाही आणि इथे मात्र द्यायचे, असा विरोध कुणाला वाटेल, पण नियम एकच आहे : धड गिळता येते की नाही ते पाहा.

कुणाच्या तरी सॅकमधून ब्रँडीची छोटी बाटली निघाली. दारूने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला ऊब वाटते आणि आतली उष्णता झपाट्याने बाहेर जाते. ती परत ठेवायला लावली. दोघे त्याचे तळवे चोळत होते, त्यांनाही थांबवले. चोळण्याने आणि हिसक्यांनी खूप गारठलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून गारठा जितका खोल तितके त्याला हळुवार, आडवे ठेवूनच हलवावे. त्याला अर्धा तास तरी उठू दिले नाही. तेवढ्यात थरथरणे ओसरले, पण बोलणे स्पष्ट होत गेले, म्हणजे ते ऊब आल्याने ओसरले होते. मग तो आमच्यात मिसळून चालत बिस्केरीला उतरला.

याहून कितीतरी खोल गारठलेली माणसेही परत येतात. १९९९ साली नॉर्वेमध्ये बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या आना बोगेनहोल्म या स्वीडिश डॉक्टरांचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, हृदय थांबले होते, आणि तरी त्या वाचल्या. म्हणून थंड आणि निश्चल माणसाची नाडी घाईने न पाहता मिनिटभर पाहावी, आणि अंग गरम होईपर्यंत आशा सोडू नये.

तळावर बूट काढले तेव्हा त्या मुलाची डाव्या पायाची दोन बोटे पांढरी आणि बधिर होती. कुणी बर्फ चोळा म्हणाले, कुणी स्टोव्हजवळ पाय धरा म्हणाले. गोठलेल्या भागावर बर्फ चोळल्याने सूक्ष्म स्फटिकांनी मांस आणखी फाटते, आणि आगीने भाजते. पुन्हा गोठण्याचा संभव असेल तर तो भाग वितळवूच नये, हाही नियम आहे. पण आम्ही आता बर्फाच्या खाली होतो आणि त्या मुक्कामावरून पुढची वाट उताराचीच होती. कोपर बुडवून सोसेल इतके, म्हणजे ३७ ते ३९ अंशांचे पाणी घमेल्यात घेतले आणि ते निवेल तसे गरम पाणी घालत पाय अर्धा तास बुडवून ठेवला. रंग परत येताना फार ठणकते, हे त्याला आधीच सांगून ठेवले होते. बोटे लालसर झाल्यावर त्यांच्यामध्ये कोरडी पट्टी घालून सैल मोजा चढवला, आणि सकाळी एका बोटावर फोड दिसला तो न फोडता तसाच झाकून ठेवला. बरशैणीला गाडीरस्ता लागल्यावर त्याला डॉक्टरांकडे नेले. बोटे शाबूत राहिली. त्या दोन बोटांना हिवाळ्यात अजूनही इतरांआधी गारठा जाणवतो, असे तो कळवतो.